ठिपक्याला ठिपका

फोन आला तेव्हा काटेबाई स्वतःचाच मोजमापाचा डायल तपासत बसल्या होत्या.

"आज पाचच्या आत येता येईल?" पलीकडून एका कारखान्याचा मॅनेजर विचारत होता. "एका माणसाला कामावरून काढायचंय. पत्र टाइप झालंय. सही करण्याआधी बाहेरच्या कुणीतरी एकदा मोजलेलं बरं, म्हणून म्हटलं."

"काय मोजायचं?"

"एक होल्डर. ड्रिल पकडणारा. सोमवारी त्यातलं ड्रिल तुटलं आणि आमच्या ऑपरेटरचा डावा डोळा गेला."

त्याच्या आवाजात चढउतार नव्हता. काटेबाईंनाही तो ऐकून काही झालं नाही. त्यांनी वेळ विचारली, पत्ता लिहून घेतला आणि पेटी भरायला घेतली.

त्यांचं खरं नाव फारसं कुणाच्या लक्षात राहत नसे. कारखान्याकारखान्यांतून यंत्रांची अचूकता तपासत हिंडायचं आणि डायलच्या काट्याकडे टक लावून बसायचं, एवढंच त्यांचं काम, म्हणून काटेबाई. वर्षभरापूर्वी काच लागून त्यांच्या उजव्या तर्जनीची नस तुटली होती. त्याच आठवड्यात वडील गेले. आधी बोट बधिर झालं की बाकीचं सगळं, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं.

कारखाना नको इतका स्वच्छ होता. फरशीवर छताचे दिवे उलटे लोंबत होते.

"शनिवारी साफसफाई केली," मॅनेजर म्हणाला. "सोमवारी दुपारी मोठं गिऱ्हाईक पाहायला यायचं होतं. त्याआधीच हे झालं."

चार नंबरचं मशीन कोपऱ्यात होतं. जुनं, होल्डर हाताने चढवायचा आणि समोरचं कवच छातीपर्यंतच. सोमवारी सकाळी ड्रिल किंचाळल्यासारखं वाजलं, ऑपरेटर बघायला वाकला आणि तुटलेला कपचा चष्म्याच्या कडेतून आत गेला.

मशीनपाशी सुपरवायझर उभा होता. पन्नाशी उलटलेला, दाढी वाढलेली. कापडात गुंडाळलेला होल्डर त्याने पुढे केला. त्याच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि कातडी पापुद्र्यांनी सुटत होती.

काटेबाईंची नजर त्याने टिपली. "हॉस्पिटलात सारखं हातांना औषध चोळायला लावतात," तो म्हणाला.

"डोळा गेला तो त्यांचाच मुलगा," मॅनेजर हळू आवाजात म्हणाला. "आणि ज्याला काढायचंय तो सेटर, होल्डर मोजून देणारा, म्हणजे मुलाचा सख्खा मामा. सगळा कारखाना त्याला मामाच म्हणतो."

"तुम्ही आज कामावर कसे?" काटेबाईंनी सुपरवायझरला विचारलं.

"घरी बसून भिंती बघायच्या, त्यापेक्षा इथल्या बघतो."

काटेबाईंनी पेटी उघडली. "मी स्पिंडल फिरवते. तुम्ही डायलचा स्टँड लावून शून्य करून द्याल?"

सुपरवायझर अर्धं पाऊल मागे सरकला. "चष्मा हॉस्पिटलात राहिला. तुम्हीच करा."

त्यांनी केलं. आधी स्वतःचा तपासून आणलेला दांडा होल्डर धरून फिरणाऱ्या स्पिंडलमध्ये चढवला, डायलचं टोक त्याला टेकवलं आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवला. काटा गेला, परत आला. बारा. म्हणजे जुना स्पिंडल मुळातच बारा मायक्रॉन डोलत होता. केसाची जाडी सत्तर मायक्रॉन धरली, तर त्याचा सहावा हिस्सा.

मग होल्डर. त्याच्या कॉलरवर समोरासमोर दोन खाचा होत्या आणि स्पिंडलच्या तोंडावर दोन खुंट्या. खाचा खुंट्यांवर बसवायच्या. पण त्या सारख्याच असल्याने होल्डर दोन तऱ्हांनी बसू शकत होता. सरळ किंवा अर्धा फेरा उलटा. एका खुंटीवर पंचने मारलेला ठिपका होता आणि एका खाचेपाशी लाल ठिपका.

"ठिपक्याला ठिपका लावायचा," सुपरवायझर म्हणाला. "मामाची पद्धत. तो होल्डर दोन्ही बाजूंनी लावून मोजतो. ज्या बाजूने कमी हलेल त्या खाचेवर ठिपका देतो."

काटेबाईंनी ठिपक्याला ठिपका लावला. ड्रिल मध्यावर तुटलं होतं. त्याचा बुडखा होल्डरात शाबूत होता. त्यावर डायल टेकवला. फिरवला.

सव्वीस.

"मोजणीच्या वहीत काय लिहिलंय?"

सुपरवायझरने वही उघडून बोट ठेवलं. "हे बघा. शुक्रवार, नववी ओळ. दोन."

"झालं," मॅनेजर म्हणाला. "न मोजता ठोकून दिलंय. सव्वीसला दोन!"

काटेबाई वही चाळत होत्या. दर ओळीला दोन आकडे: सेटरने मोजलेला, मग सुपरवायझरने पडताळलेला. तीन आणि तीन. पाच आणि पाच. दोन आणि दोन. पानामागून पान जुळी मुलं शाळेत निघावीत तसे ते आकडे ओळीने चालले होते.

"कधीच फरक नाही पडत?"

"एकाच डायलवर हात बसलाय आमचा," सुपरवायझर म्हणाला.

काटेबाईंनी होल्डर काढला, अर्धा फेरा वळवला आणि पुन्हा चढवला. आता लाल ठिपका भलत्याच खुंटीकडे होता. स्पिंडल फिरवला. काटा जागेवर थरथरल्यासारखा झाला आणि थांबला.

दोन.

मॅनेजर वाकून बघत राहिला. "हे कसं?"

"स्पिंडल बाराने डोलतो. होल्डर चौदाने. दोघं एकाच बाजूला झुकले की सव्वीस. विरुद्ध झुकले की एकमेकांना खातात आणि उरतात दोन. शुक्रवारी मामांनी मोजलं होतं, आणि बरोबर मोजलं होतं."

"मग ठिपका?"

"ठिपका उलट्या खाचेवर आहे."

"म्हणजे चूक त्याचीच. मोजलं बरोबर आणि खूण चुकीची केली. पत्रातलं एक वाक्य बदलावं लागेल, बाकी काय?" त्याने घड्याळात पाहिलं. तीन वाजून दहा मिनिटं.

मामा टूलरूममध्ये स्टुलावर बसला होता. हात गुडघ्यांवर, तळवे वर. कुणीतरी काढून ठेवलेल्या हातमोज्यांसारखे.

काटेबाईंनी होल्डर त्याच्यापुढे धरला. "हा ठिपका तुमचा?"

"माझाच."

"बघा तरी."

"बघायचं काय त्यात? माझा आहे म्हटलं ना. लिहा आणि मोकळ्या व्हा."

"कशाने देता ठिपका?"

"नेलपॉलिश. बायकोच्या बाटलीतलं. ती गेली, बाटली राहिली. काडीच्या टोकावर एक थेंब घ्यायचा आणि ठेवून द्यायचा. मला वाटलं होतं वर्षभरात संपेल. एका बाटलीत किती ठिपके असतात, बाई, तुम्हाला कल्पना नाही."

"शनिवारी तुम्ही होतात?"

"रजेवर होतो. होल्डर भाच्याने पुसले." हातातून काही निसटल्यासारखा तो स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला.

"भाच्याने," काटेबाई म्हणाल्या.

"ते लिहू नका. त्याचा काही संबंध नाही. ठिपका माझा."

टूलरूमच्या फळीवर त्याच मशीनचे आणखी आठ होल्डर उभे होते. काटेबाईंनी भिंग काढलं. आठही ठिपके फुगीर, मसुराच्या दाण्यासारखे, कडेला जुन्या तेलाची काळी रेघ धरलेले. बधिर तर्जनीला त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं. त्यांनी डाव्या अंगठ्याचं नख फिरवलं. प्रत्येक ठिपक्याला नख अडलं.

हातातल्या नवव्याच्या ठिपक्यावरून ते सरळ घसरलं. हा सपाट होता, चकचकीत होता, आणि त्याला एक छोटं शेपूट होतं. पेनाचं टोक उचलताना ओढलं जावं तसं. समोरच्या रिकाम्या खाचेपाशी त्यांनी भिंग नेलं. पोलादावर एक वाटोळी सावली होती. आजूबाजूचा पृष्ठभाग वापराने फिकटला होता. तेवढं वर्तुळ मात्र अजून मूळच्या काळ्या रंगाचं होतं. वर्षानुवर्षं त्यावर काहीतरी झाकण होतं.

त्या स्टोअरकडे वळल्या.

स्टोअर सांभाळणाऱ्या बाईला सगळे मावशी म्हणत. जाळीमागे बसून ती नटांची प्रतवारी करत होती आणि बोलायला माणूस मिळाल्याने तिची कळी खुलली.

"शनिवार? अहो, विचारू नका. साहेबांचा हुकूम, कारखाना आरशासारखा दिसला पाहिजे. मी म्हटलं, मग आरसेच लावा ना चार, एवढा घाम कशाला? साहेबांना विनोद कळत नाही. स्वतः कोपरापर्यंत रबरी मोजे घालून खिडक्या पुसत होते."

"होल्डर कुणी पुसले?"

"भाच्याने. माझ्याकडून रॉकेल आणि चिंध्या घेऊन गेला. लेकराचे कान पुसावेत तसा एकेक पुसत बसला होता. आठ झाले, तोवर दोन वाजले. पाळी संपली, घरी गेला. कार्ड आहे माझ्यापाशी."

"नववा?"

"तो मशीनमध्येच चढवलेला राहिला होता."

"दोननंतर कोण कोण होतं इथे?"

"मी, साहेब आणि आमचे सुपरवायझर. चारपर्यंत."

"थिनर नेलं कुणी?"

"थिनर माझ्याकडे कुठून? मागच्या अंगणात पिंप आहे, ज्याला लागेल तो काढून घेतो. हात भाजतात त्याने, मी लांबच असते."

"आणि लाल खुणेची पेनं?"

"ती तपासणीच्या टेबलावर, डब्यात. उचला आणि विसरा. आठवड्याला चार गायब." तिने एक नट उजेडात धरला. "बाई, मामाला काढणार का हो? त्याला काढलं तर त्याची बहीण कुणाकडे बघेल? तिथे मुलगा असा पडलेला, नवरा तोंडातून शब्द काढत नाही. भाऊच काय तो डबा घेऊन जातो."

काटेबाईंनी त्या बहिणीचाच नंबर घेऊन लावला. फोन मुलाने उचलला.

"आई खाली गेलीय औषधं आणायला. बोला."

"सोमवारी होल्डर कसा चढवलास?"

"ठिपक्याला ठिपका." मग घाईघाईने, "मॅडम, मामाचा हात चुकला असेल एखाद्या वेळी. माणूसच आहे. ते लिहायलाच हवं का? मला एका डोळ्याने दिसतंय नीट."

"शनिवारी रॉकेलने का पुसलेस? थिनरने लवकर झालं असतं."

"थिनरने ठिपका जातो ना! मामा मला फाडून खाईल."

"आणि समज, एखादा ठिपका गेलाच असता तर?"

"तर काय? डायल लावायचा, दोन्ही बाजूंनी बघायचं, नवा द्यायचा. दोन मिनिटांचं काम." तो थोडं हसला. "मामाने मला सातवीत असताना शिकवलंय."

"सगळ्यांनाच येतं का ते?"

"तिथल्या? हो. म्हणजे, येत असणारच की."

साडेचारला काटेबाईंनी तिघांना मॅनेजरच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्र होतं, पत्रावर पेन. मामा दाराशी उभा राहिला. सुपरवायझर भिंतीला टेकला.

"भावोजी, तुम्ही बसा की," मामा म्हणाला.

तो बसला नाही.

काटेबाईंनी होल्डर पत्रावरच ठेवला.

"मामा, तुम्ही खोटं बोललात. हा ठिपका तुमचा नाही. तो पेनाचा आहे. तुमचा समोरच्या खाचेवर होता. त्याची सावली अजून तिथे आहे. तुम्ही होल्डरकडे पाहिलंही नाहीत, कारण पाहिला असतात तर ओळखावं लागलं असतं. साफसफाई भाच्याने केली, म्हणजे ठिपका त्यानेच घालवला आणि अंदाजाने नवा दिला, असं तुम्ही धरून चाललात. डोळा गेलाय, वर ठपका नको, म्हणून तो अंगावर घेतलात."

मामाने मान खाली घातली.

"आणि तिकडे त्याला वाटतंय, हात तुमचा चुकला. तो मला सांगत होता, मामाचं नाव लिहू नका."

मामाची मान हळूहळू वर आली.

"पण त्याने आठच होल्डर पुसले, तेही रॉकेलने, थिनरने ठिपका जातो हे त्याला ठाऊक होतं म्हणून. दोनला तो घरी गेला. नववा त्यानंतर कुणीतरी मशीनमधून काढला आणि थिनरमध्ये बुचकळला. त्या माणसाला ठिपका कशाचा असतो हे माहीत नव्हतं. ठिपका विरघळला. तेव्हा इथे तिघं होते."

"मी खिडक्या पुसत होतो," मॅनेजर म्हणाला.

"मोजे घालून. शिवाय ठिपका काय असतो हे तुम्हाला आज कळलं, माझ्यासमोर. मावशींनाही त्याच्याशी देणंघेणं नाही. तुमच्या दोघांपैकी कुणी तो घालवला असता, तर कोरा होल्डर परत ठेवून दिला असता. हा माणूस वेगळा. ठिपका हवाच, हे त्याला माहीत होतं. कुठे हवा, हे माहीत नव्हतं. आणि ते शोधायला लागणारी दोन मिनिटं त्याच्याजवळ नव्हती."

"दोन मिनिटं कुणाजवळ नसतात?" मॅनेजरने विचारलं.

"ज्याला डायल लावता येत नाही त्याच्याजवळ."

बाहेर कुठल्यातरी मशीनचा आवाज बंद होताना लांबत गेला.

"वहीत दोन माणसांचे आकडे आहेत," काटेबाई म्हणाल्या. "मी वीस वर्षं मोजतेय. दोन हात एकच वस्तू मोजतात, तेव्हा कधी ना कधी एका मायक्रॉनचा तरी फरक पडतो. इथे एकदाही नाही. दुसऱ्याने कधी मोजलंच नाही; पहिल्याचं उतरवलं. आज मी स्टँड लावायला सांगितला तर चष्मा हॉस्पिटलात राहिला होता. पाच मिनिटांनी त्याच डोळ्यांनी नववी ओळ वाचून दाखवली. बोटांची साल निघालीय ती हॉस्पिटलातल्या औषधाने नव्हे. उघड्या हाताने थिनर वापरलं की असं होतं."

सुपरवायझरने हात पाठीमागे घेतले नाहीत. ते समोर धरून तो त्यांच्याकडे बघत होता, ते दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

"दोनच खाचा होत्या," तो म्हणाला. "मी म्हटलं, दोनातली एक. लागलीच बरोबर तर लागली."

"बाबा रे," मॅनेजर पुटपुटला, "कुणाला विचारायचं तरी."

"काय विचारायचं? मी ऑफिसातून वर आलो. आलो त्या दिवशी सगळ्यांनी धरलं की मला येतं. दुसऱ्या दिवशी विचारायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी उशीर झाला. मग अकरा वर्षं झाली." तो थांबला. "सोमवारी त्याला होल्डर चढवताना मी बघत होतो. ठिपक्याला ठिपका लावला त्याने. मला वाटलं, बसलं."

"आणि हे पत्र होऊ दिलंत?" काटेबाईंनी विचारलं.

"तिला कळलं असतं. त्याच्या आईला. मामाची चूक तिने पोटात घातली असती. भाऊ आहे तिचा. माझी..."

काटेबाईंनी वाट पाहिली. स्वतःच्या आत काहीतरी हलेल, राग तरी, कीव तरी. काटा शून्यावरच होता.

मामा दारापासून पुढे आला. पत्र उचललं, चार घड्या घातल्या आणि मॅनेजरच्या खिशात खोचलं. मग होल्डर हातात घेतला.

"चला, भावोजी."

"कुठे?"

"मशीनवर."

मॅनेजर उठायला लागला. काटेबाईंनी मानेनेच त्याला बसवलं.

चार नंबरपाशी मामाने होल्डर चढवला. लाल ठिपका होता तसा, चुकीच्या खाचेवर, ठिपक्याला ठिपका. मग डायलचा स्टँड त्याने मेव्हण्याच्या हातात दिला.

"चुंबक इथे बसवा. जोरात नाही. आता टोक बुडख्याला टेकवा. काटा अर्धा फेरा हलला पाहिजे. हां. तबकडी फिरवून शून्य त्याच्याखाली आणा."

"मला नाही जमणार रे आता."

"माझ्या भाच्याला सातवीत जमलं. फिरवा स्पिंडल. डाव्या हाताने. हळू."

सोललेल्या बोटांनी सुपरवायझरने स्पिंडल धरला. तो फिरला. काटा निघाला, चढत गेला, टोकाला थांबला आणि आल्या वाटेने परत फिरला. पुन्हा एकदा. पुन्हा.

"किती?" मामाने विचारलं.

सुपरवायझरने मामाकडे पाहिलं.

"तुमचं तुम्ही वाचा, भावोजी. आज वहीत मी आधी लिहिणार नाही. किती?"

"सव्वीस," सुपरवायझर म्हणाला.

"ताईला हेच सांगायचं. तुमच्या तोंडून. मी डबा घेऊन येतो मागून, पण सांगणार तुम्ही."

सुपरवायझर काट्यावरची नजर न काढता स्पिंडल फिरवत राहिला. काटा जात होता, येत होता. आता तो थांबवायचा कसा, हे जणू त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

काटेबाईंनी पेटी बंद केली. निघण्याआधी फळीवरच्या एका जुन्या होल्डरवर, मसुराएवढ्या लाल ठिपक्यावर, त्यांनी उजवी तर्जनी टेकवली आणि जरा वेळ तशीच ठेवली. बोटाला काही कळलं नाही. त्यांनी ते उचललं आणि अहवालाच्या कागदावर लिहिलं: शुक्रवारची नोंद अचूक. त्याखाली रकाना होता, पडताळणी करणाऱ्याचा. तो कोरा ठेवून त्यांनी कागद सुपरवायझरच्या कोपराशी ठेवला, त्याला दिसेल असा.